उंबराला विचारणारी बाई

“वीस मिनिटं, आते! फक्त वीस मिनिटांचं लग्न.”

“ईस मिनटांत हळद तरी भिजल का रं?”

“पब्लिकला तेवढंच पाहिजे असतं. फोटो, गाणं, जेवण. खल्लास.”

“मंग रेडिओ लाव. मना कशाला बोलावतंस?”

निकेशने कपाळावर हात मारला. तलावाकाठच्या घरच्या जमिनीवर त्याने ‘आगरी अंगण’ काढलंय. शनिवार-रविवारी खांदा कॉलनीतली, मुंबईतली कुटुंबं येतात, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खातात. आता त्याला दर रविवारी आगरी लग्न दाखवायचं होतं आणि त्यात त्याची आते भामा गायला हवी होती.

“आनि रविवारनंतर बुधवारी जेसीबी कशाला येतंय?” भामाने विचारलं.

“तो उंबर काढायला. बसगाड्या कुठे उभ्या करू, माझ्या डोक्यावर?”

“उंबर तोडशील आनि मांडवाला त्याचीच फांदी मागशील?”

“प्लॅस्टिकची आणलीये. हुबेहूब आहे, आते. बघ तरी!”

भामाने बघितलं नाही.

भामा धवलारीण आहे. पनवेलच्या खाडीकाठच्या आम्हा आगऱ्यांच्या घरी लग्न निघालं की भटजीच्या आधी तिला निरोप जातो. देवांना, पितरांना, झाडापाखरांना लग्नाचं आवताण देणारे धवले तिला तोंडपाठ. शाळेत ती एक दिवसही गेली नाही. मिठागरात सासू पुढे मीठ ओढत गायची, मागून ही टोपल्या भरत ओळी उचलायची. पाय मिठाने फुटायचे, गाणं पक्कं व्हायचं. पुढे मिठागरं भरावाखाली गेली, त्यावरून न्हावा शेव्याचे ट्रेलर धावू लागले. भामाचा आवाज मात्र कुणाला बुजवता आला नाही. सुकापूरच्या एका टॉवरच्या पार्किंगमध्ये वाळूच्या बादलीत उंबराची फांदी रोवून तिने हळद केलेली आम्ही पाहिली आहे. वॉचमनसुद्धा टोपी काढून उभा होता.

या हळदीच्या फांदीसाठी गावात एके काळी पाच उंबर होते. आता हा तलावाकाठचा एकच.

तरी रविवारी भामा आली. इरकली लुगडं, केसांत अबोली. निकेश तर हरखलाच. खुर्च्यांवर चाळीस पाहुणे, मांडवात प्लॅस्टिकची फांदी, पाटावर मनस्वी आणि सत्यजीत ही भाड्याने आणलेली नवरा-नवरी. दोघंही नाटकातली.

भामा मनस्वीसमोर बसली. “पोरी, ह्यो नवरा पसंत हाय ना तुला?”

मनस्वी हसली. “आजी, हे खोटं खोटं आहे.”

“तुमचं खोटं. माजं गानं खोटं नाय. धवला सुरू केला का अर्ध्यात तोडायचा नसतो. पुरा झाला का तू याची बायको.”

मनस्वीने सत्यजीतकडे पाहिलं. सत्यजीतने पाटाकडे. पुढच्याच क्षणी मनस्वीने मुंडावळ्या सोडून त्याच्या मांडीवर ठेवल्या. “सॉरी हं. याच्याबरोबर तालीमसुद्धा जड जाते.”

सगळा मांडव खदखदून हसला. निकेशचा चेहरा पडला.

“हसू नका, उठा,” भामा म्हणाली. “लगीन नाय, पन आवताण कसं देतात ते दावते. चला माज्या मागनं.”

आणि चाळीस माणसं खरंच उठून तिच्यामागे चालू लागली.

उंबराजवळ पोचताच तिने हात वर केला. फांदीवर एक तांबट पक्षी पिकलेलं फळ टोचत होता.

“थांबायचं. त्याचं जेवन होऊ दे.”

कुणीतरी कुजबुजलं, “किती वेळ?”

“त्याला इचारा.”

पाच मिनिटं गेली, दहा गेली. लहान पोरंच मोठ्यांना गप्प करू लागली. बसच्या ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, तर खांदा कॉलनीतल्या निवृत्त शिक्षिका कुमुदताईंनी असं काही वळून बघितलं की तो पुन्हा वाजला नाही. शेवटी तांबट उडाला. भामाने बुंध्याला कुंकू लावलं, डोळे मिटले आणि ती गाऊ लागली,

“उंबर दादा, उंबर दादा, आलो तुज्या दारा,
एक फांदी दे रं आमा, बाकीची पाखरां…”

पहिल्या ओळीला वर आलेले मोबाइल दुसरीला खाली गेले. गाणं थांबलं. सगळे मान वर करून झाड बघत होते.

“फांदी नाही तोडणार?” कुमुदताईंनी हळूच विचारलं.

“लगीन कुठं हाय, बाय? उगा कशाला तोडायची?”

कुमुदताई निकेशकडे वळल्या. “पुढच्या वेळी नातवंडांना घेऊन येते. आज दाखवलंत ते दाखवा. ते पाटावरचं नको.”

पाहुणे जेवायला पांगले. निकेशने उंबरापासून रस्त्यापर्यंतचं अंतर पावलांनी मोजलं. मग भामाजवळ आला.

“जेसीबीवाल्याला नको म्हणून कळवतो. बसगाड्या रस्त्यावरच उभ्या राहतील, माणसं येतील चालत. झालं तुझ्या मनासारखं?” तो थोडा घुटमळला. “पण मग तूही माझं ऐकायचं. दर रविवारी गायचं. तू गाशील तोवर झाड राहील. बोल, कबूल?”

भामाने त्याच्याकडे नीट पाहिलं, एखाद्या अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. मग पदर खोचला, कुंकवाची डबी पिशवीत टाकली आणि बांधावरची वाट धरली.

“आते! हो की नाही, तेवढं तरी सांग!”

“मना नको, उंबराला इचार,” भामा चालता चालता म्हणाली.