खालचा आवाज

माझं माहेर सांगलीचं, विश्रामबागेतलं. तिकडे भीती पाण्याची. कृष्णा वाढायला लागली की नदीकाठच्या गावभागातले नातेवाईक गाद्या, भांडी आणि म्हातारी माणसं घेऊन आमच्याकडे येऊन राहायचे, आणि पाणी किती चढलं यावर दिवसभर चर्चा चालायची. लग्न होऊन सातारा जिल्ह्यातल्या या डोंगराखालच्या गावात आले, तेव्हा कळलं की इथली भीती वरून येते. थंडी सरली आणि डोंगरावरचं गवत पिवळं पडलं, की चैत्र-वैशाख संपेपर्यंत बायका पाणी भरतानासुद्धा मान वर करून डोंगराकडे बघतात.

आमच्या गावाला अग्निशमन दल नाही. म्हणजे आहे, पण ते आम्हीच आहोत. कराडहून बंब निघाला तरी यायचा तेव्हा येतो आणि आला तरी देवळापाशी उभा राहतो, कारण डोंगर काही त्याला चढता येत नाही. मग गणपतीला जे मंडळ असतं तेच उन्हाळ्यात वणवा मंडळ होतं. गणपतीचाच माइक, गणपतीचाच भोंगा. गडी माणसं जांभळीचे ओले डहाळे घेऊन वर जातात आणि आग झोडपतात. फवारणीचे पंप औषधाऐवजी पाण्याने भरून पाठीवर घेतात. आग कोण लावतं, हे सगळ्यांना माहीत असतं. कोणीतरी बांध पेटवतो, कोणाला वाटतं गवत जाळलं की पुढच्या वर्षी दाट येतं. पण नाव कोणी घेत नाही, आणि लावणाराच बहुधा डहाळा घेऊन सगळ्यांच्या पुढे असतो. मला सुरुवातीला याचा फार राग यायचा. आताही येतो, पण मी तो चहाच्या पातेल्यावर काढते.

या मंडळाचे म्होरके माझे थोरले दीर. सैन्यातून निवृत्त होऊन आलेले, ताठ, कमी बोलणारे. घरातले सगळे त्यांना दादा म्हणतात. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोने आवाज चढवायचा नाही, असा रिवाज आहे. विश्रामबागेतली मुलगी मी, तोंडाची फटकळ, नवऱ्याला दिवसातून चारदा झापणारी. पण दादा अंगणात आले की माझा पदर आपोआप डोक्यावर यायचा आणि आवाज घशातच राहायचा. त्यांना काही सांगायचं झालं तर मी जाऊबाईंना सांगायचे आणि त्या दादांना सांगायच्या.

जाऊबाईंना मी अक्का म्हणायचे. डोंगर पेटला की माइकवर अक्काच बोलायची. आमचं घर देवळाला लागून, त्यामुळे ते काम तिच्याकडे आलं आणि तिला ते आवडायचंही. धुरात वर गेलेल्या माणसाला चार पावलांवरचं दिसत नाही. खाली कुठल्या अंगाला उतरायचं, हे भोंग्याच्या आवाजावरून ठरवायचं, अशी आमच्या गावची पद्धत. म्हणून शेवटचा माणूस खाली येईपर्यंत माइक बंद करायचा नाही. अक्का बोलत राहायची. पण भाकरी टाकता टाकता किती बोलणार? शेवटी मंडळातल्या एका पोराने तिचं बोलणं एकदाच भरून घेतलं आणि पेनड्राइव्ह माइकच्या पेटीला लावून दिला. बटण दाबलं की तेच तेच परत परत लागायचं.

“डोंगराला आग लागलीया. गडी माणसांनी डहाळं, पंप घिऊन निघा. एकट्यानं जाऊ नका. वाट चुकली तर काळ्यावर थांबा. आग इझली की माझ्या आवाजावर खाली या. च्या ठेवलाय.”

काळं म्हणजे आधीच जळून गेलेली जागा. तिथे पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं, म्हणून जीव वाचवायला तीच जागा. हे दादांनीच सगळ्यांना शिकवलेलं.

पुढे अक्का आजारी पडली आणि एका पावसाळ्यात गेली. त्यांना मूलबाळ नव्हतं. अग्नी दादांनीच दिला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा डोंगर पेटला, तेव्हा कोणाच्या डोक्यातही आलं नाही. एकाने धावत जाऊन बटण दाबलं, आणि भर दुपारी सगळ्या गावावर अक्काचा आवाज घुमला. मी अंगणात कुरडया वाळत घालत होते. हातातला सोऱ्या तसाच राहिला. गोठ्यात अक्काच्या हातची गाय होती, ती उठून उभी राहिली आणि हंबरायला लागली. “च्या ठेवलाय,” अक्का म्हणाली, थोडी थांबली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. मला पळून जावंसं वाटलं, पण पळून जाणार कुठे, आवाज तर सगळीकडे होता.

त्या दिवशी माणसं खाली आली, चहा प्यायली, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी नवऱ्याला म्हटलं, “हे बंद करा. मेलेल्या माणसाच्या आवाजावर जिवंत माणसं उतरवता?” तो म्हणाला, “दादाच म्हणला, ऱ्हाऊ दे.” दादा म्हणाले म्हटल्यावर विषय संपला. मग तीच पद्धत पडली.

पण माझ्या एक लक्षात यायला लागलं. दादा पूर्वी सगळ्यांना खाली धाडून मागून यायचे, ते ठीक. आता ते आग विझल्यावरही वर थांबायला लागले. दर वणव्याला थोडे जास्त. उतरले की चेहरा राखेने माखलेला आणि डोळे कुठेतरी भलतीकडे. एकदा मी नवऱ्याला विचारलं, इतका वेळ वर करतात तरी काय? तो म्हणाला, “बसतो एका दगडावर. ऐकत.” मला तेव्हापासून धास्ती बसली की हा माणूस एक दिवस खाली यायचाच नाही.

तो दिवस चैत्रातला. सकाळी डोंगराच्या डाव्या सोंडेवर धूर दिसला, जेवणवेळेपर्यंत आग माथ्याकडे सरकली, आणि दुपारी वारा फिरला. धूर सरळ गावात उतरला. सूर्य तांबडा, गोल, डोळे न दिपवता बघता येईल असा झाला. सगळ्या अंगणात तांबूस उजेड पडला आणि त्यात राख पडत होती, आवाज न करता. पाखरं गप्प, कुत्री ओट्याखाली. देवळापुढे आम्ही बायका चहाचं पातेलं ताटाने झाकून बसलो होतो आणि भोंग्यातून अक्का सांगत होती, एकट्यानं जाऊ नका, काळ्यावर थांबा, माझ्या आवाजावर खाली या.

माणसं धुरातून एकेक करून उतरायला लागली. आधी नुसता खोकला ऐकू यायचा, मग माणूस. माझा नवरा आला, भुवया जळलेल्या. मी विचारलं, “दादा?”

“माझ्या मागंच हाय म्हणला हुता.”

मागे कोणी नव्हतं. आम्ही धुराकडे बघत राहिलो. मग शेवटचा पोरगा आला, धापा टाकत. तो म्हणाला, “दादा वर गेल्यात.”

“वर? वर तर आग हाय रं!”

“मी बी त्येच म्हणलो. तर म्हणालं, आवाज वरनं येतोय. तू जा, तुला खालचा आईकू येतोय न्हवं, खाली जा. आन् गेलं की वर चढून.”

आमच्या गावासमोर, डोंगराच्या वरच्या अंगाला, एक उभा कडा आहे. भोंग्याचा आवाज त्यावर आपटून परत येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. एरवी डोळ्यांना गाव दिसत असतं म्हणून फसायला होत नाही. आज गाव दिसत नव्हतं. मला वाटलं, दादा त्या पडसादामागे निघालेत. फोन लावायचा म्हटलं तर तो घरातल्या फळीवर होता. आगीवर जाताना ते फोन कधीच नेत नसत. नवरा परत वर पळायला निघाला, त्याला दोघांनी धरून ठेवलं. कोणीतरी ओरडलं, “आवाज वाढवा!” आणि त्या घाईत माइकच्या पेटीचं बटण शेवटपर्यंत पिळलं. अक्काचा आवाज फाटून घोगरा झाला. खाली या, खाली या. आणि जरा वेळाने वरून, धुरातून, तितक्याच मोठ्याने तेच उत्तर आलं.

मला एकदम कळलं की आम्ही आमच्याच हाताने त्या माणसाला वर बोलावतोय. मी उठले, पेटीपाशी गेले आणि पेनड्राइव्ह उपटून काढला.

एवढी शांतता मी त्या गावात कधी ऐकली नव्हती. आणि त्या शांततेत डोंगरावरून एकदा अगदी स्पष्ट ऐकू आलं, “या.” पडसाद उशिरा येतो, असं मी स्वतःला सांगितलं.

माइक हातात घेतला आणि माझी वाचाच बसली. सगळं गाव समोर, आणि बोलायचं कोणाशी, तर दादांशी. माझा डावा हात पदर सावरायला डोक्यावर गेला, हे मला आजही आठवतं. तिकडे माणूस आगीत चाललेला आणि इकडे मी पदर सावरते आहे! माझा मलाच संताप आला. पदर सोडून दिला आणि ओरडले. सांगलीची शाळा-कॉलेजची भाषा त्या वेळी एक शब्दही आठवली नाही.

“दादा! आक्का वर न्हाई. आक्का गेली. तुमीच अग्नी दिलाय तिला, तुमाला ठावं हाय. ती वर न्हाई! ही मी बोलतीया, धाकटी. काळ्यावर पाय ठिवा आन् माझ्याकडं या. तुमचा भाऊ हितं रडतोय. च्या ठेवलाय, गार झाला तर म्या परत उकळणार न्हाई!”

बायकांनी तोंडाला पदर लावले. कोणी कोणाकडे बघेना. मी थांबले नाही. तेच तेच ओरडत राहिले, घसा बसला तरी. शिव्यासुद्धा दिल्या असं नंतर नवरा म्हणतो, मला आठवत नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की मी गप्प बसले तर दुसरं कोणीतरी बोलेल.

दादा आले ते ओढ्याच्या अंगाने. खोकला नाही, पावलांचा आवाज नाही, एकदम धुरातून बाहेर आले. अंगातला सदरा बाहीपासून जळलेला, दंडावर फोड. माणसांनी त्यांना धरून देवळाच्या पायरीवर बसवलं, हातावर पाणी ओतलं. नवरा त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला. मग तो आणि इतर जण दवाखान्यात न्यायला गाडी आणायला गेले आणि मी कप घेऊन दादांसमोर उभी राहिले. चहात राख पडली होती. पदर खांद्यावरच होता.

दादांनी माझ्याकडे सरळ बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“दोन आवाज हुतं,” ते म्हणाले. “एक खालनं, एक वरनं.”

“कड्याचा पडसाद हुता, दादा.” माझा आवाज पार फाटला होता.

“मला बी तसंच वाटलं हुतं. पर तू खालचा बंद केलास. वरचा न्हाई झाला बंद.”

देवळापुढे अजून तो तांबडा उजेड होता.

“आन् माइकवर ती मला आवं कवा म्हणली हुती का?” दादा शांतपणे म्हणाले. “सगळ्या गावादेखत लाजायची ती. वरनं आवं म्हणून हाक येत हुती. आवं, या. घरात मारायची तशी.”

माझ्या हातातला कप त्यांनी घेतला. मला ते सगळं तिथेच थांबवायचं होतं, पण तोंडातून प्रश्न निघून गेला. “मग आलासा कसं खाली?”

दादांनी एक घोट घेतला. राखेसकट.

“तिला म्हणलं, धाकटी वरडतीया. ती कवा वरडत न्हाई. जरा बघून येतो.”

येतो, म्हणाले. गाडी आली, त्यांना घेऊन गेली, दंडाची जखम महिन्याभरात बरी झाली. पेनड्राइव्ह मी कोणाला परत दिला नाही.

आता डोंगर पेटला की माइकवर मीच बोलते. दादांना वर जायला मनाई आहे, आणि ती मनाई मी केलेली आहे, सगळ्या गावासमोर, आवाज चढवून. ते माझ्या शेजारी पायरीवर बसतात, डोंगराकडे तोंड करून. ऐकत असतात. मी बोलता बोलता एका डोळ्याने त्यांचा कप बघत असते, आणि तो संपत आला की न विचारता पुन्हा भरते.