तीन सेकंदांची अंधारी

"खोड काय हाय ते आधी सांगा. गुण मागनं कळत्यातच."

काहीही विकत घेताना मामा दुकानदाराला हे ऐकवायचे. कलिंगड असो, छत्री असो, नाहीतर मिक्सरचं भांडं. दुकानदार गडबडायचा, कारण गुण त्याला पाठ असायचे, खोडी नसायच्या. मामा मात्र मान जराशी तिरकी करून उत्तराची वाट बघत शांत उभे राहायचे. असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याच्या मागे रांगेत उभं राहायची वेळ आली की आपण घड्याळाकडे बघतो.

तसे ते आमचे कुणीच मामा नव्हेत. मूळचे मंगळवेढ्याकडचे. एसटीत ड्रायव्हर म्हणून हयात घालवली आणि निवृत्तीनंतर सोलापुरात आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत मामींसोबत राहायला आले. मुलगी बार्शीला दिलेली. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणायची, मीही.

नोकरीची शेवटची चार वर्षं ते गाडीवर नव्हते. त्याचं कारण त्यांनीच मला सांगितलं होतं. एकदा बार्शीहून येताना भर दुपारी त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. दोन-तीन सेकंदच. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि पाणी पिऊन परत सुरू केली. प्रवाशांना वाटलं, टायर बघायला थांबले असतील. कंडक्टर म्हणाला, ऊन लई आहे, सोडून द्या. पण डेपोत आल्यावर मामा स्वतः साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. मग तपासण्या झाल्या, साखर निघाली आणि त्यांना डेपोतल्या आवारात हलकं काम मिळालं.

"सांगितलंच नसतं तर?" मी विचारलं होतं.

"मागं चाळीस माणसं बसल्याली असत्यात, पोरी," ते म्हणाले. "त्यास्नी कळाय नको व्हय?"

मी एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर डिझाइन काढते. घरचा कॉम्प्युटर मी स्वतः भाग आणून जोडलेला आहे आणि सुट्टीच्या दिवशी त्यावर गेम खेळते. एका रविवारी मामा वर्तमानपत्र परत द्यायला आले, तेव्हा माझ्या स्क्रीनवर बस चालली होती. ते दारातच थांबले. मग आत आले, खुर्ची ओढली आणि अर्धा तास बघत राहिले. उठताना एवढंच विचारलं की, ह्याला लायसन लागतं का.

आठवड्याभरात त्यांचं ठरलं. असा कॉम्प्युटर घ्यायचा, स्टिअरिंग आणि पायातल्या ब्रेकसकट. आकडा आधीच पक्का होता आणि त्यापुढे ते जाणार नव्हते. मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं की, होईल ते स्वस्तात कर, चार दिवसांचं खूळ आहे.

नवी पेठेतल्या दुकानांत आम्ही तीन शनिवार घालवले. मी त्यांना प्रोसेसर म्हणजे काय, रॅम म्हणजे काय ते सांगायची आणि ते सगळं बसमध्ये बसवून घ्यायचे. प्रोसेसर म्हणजे इंजिन. रॅम म्हणजे शिटा. जास्त असल्या तर माणसं उभी राहत नाहीत. एसएसडी म्हणजे डिकी. तरुण पोरं दुकानात आली की रंगीत दिव्यांचं कॅबिनेट आधी बघतात. मामांनी आधी पॉवर सप्लाय हातात घेतला, तोलून बघितला आणि परत ठेवला.

"हलकं हाय की हे. इंजिन कितीबी भारी घ्या, डिझेलच धड पोचलं न्हाय तर घाटात उभं राहील."

खरं सांगायचं तर हे मी चार वर्षं आधी, एक मदरबोर्ड जाळून शिकले होते. त्यांनी ते नुसत्या तळहाताने ओळखलं. प्रत्येक भागाची खोड त्यांनी विचारली आणि एका दुकानदाराने वैतागून शेवटी खरी सांगितली, तेव्हा मामांनी खूश होऊन त्याच्याकडूनच सामान घेतलं.

राहिलं ग्राफिक्स कार्ड, स्क्रीनवर चित्र उमटवणारा भाग. नवं बजेटमध्ये बसत नव्हतं. दुकानदार म्हणाला, चांगलं जुनं मिळालं तर बघा. आणि मी तिथंच, काउंटरवर हात ठेवून म्हणाले, "मामा, माझं आहे की. मी नवं घेणारच आहे. माझं तुम्ही घ्या."

त्या कार्डाची खोड मला माहीत होती. तास-दीड तास चालून तापलं की स्क्रीन काळी व्हायची. दोन-तीन सेकंद, आणि मग आपोआप चित्र परत यायचं. मी ते आधीच विकायला काढलं होतं, पण दोन गिऱ्हाइकांनी लावून बघून परत केलं होतं. मी स्वतःची समजूत घातली की मामा काय, अर्धा तास खेळतील आणि उठतील. तापायला वेळच मिळणार नाही. मी त्यांच्याकडून फार पैसेही घेतले नाहीत, तेही समजुतीतलंच.

त्यांनी कार्ड हातात घेतलं, पंख्यावर फुंकर मारली आणि पिशवीत ठेवलं. कलिंगडवाल्याला विचारायचे तो प्रश्न त्यांनी मला विचारला नाही.

त्यांच्या पुढच्या खोलीत मी ते सगळं जोडून दिलं आणि मामांची ड्यूटी सुरू झाली. त्यांना अर्धा तास खेळणं माहीतच नव्हतं. दुपारी जेवण झालं की ते खाकी शर्ट चढवून बसायचे आणि एक पूर्ण फेरी मारूनच उठायचे. मोकळ्या रस्त्यावरसुद्धा वळताना दिवा दाखवायचे. स्वयंपाकघरातून मामींनी काही विचारलं, तर ड्रायव्हरशी बोलू नये असं लिहिलंय, म्हणून सांगायचे. गेममध्ये पुढे घुसणाऱ्या गाड्यांना शिवी द्यायचे नाहीत, फक्त "जा बाबा" म्हणायचे. मी ऑफिसला असायची, पण रविवारी भिंतीपलीकडून तो हॉर्न ऐकू यायचा आणि बरं वाटायचं. मला खरंच वाटलं होतं की मी एक चांगलं काम केलं.

मग चैत्र लागला. आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी खिडक्या लावून, पडदे ओढून, खोलीत अंधार करून बसल्याशिवाय इलाज नसतो. हॉर्न ऐकू येईनासा झाला. उकाड्याने बसत नसतील, असं मी धरून चालले. एरवी दुधाला मोपेडवर जाणारे मामा एकदा पायी येताना दिसले. मोपेड कुठं आहे विचारलं, तर म्हणाले, कुंभारी गावातल्या भाच्याला देऊन टाकली.

पुढच्या रविवारी सकाळी ते आमच्याकडे आले. बसले नाहीत.

"पोरी, ते कॉम्प्युटरचं तू घेऊन जा. मी आता बसत न्हाय."

"का, मामा?"

त्यांनी घरात कोणी ऐकत नाही ना, ते बघितलं. "परत अंधारी यायला लागलीया. दोन-तीन सेकंदच. समोर सगळं काळं हुतंय आन मग दिसाय लागतंय. डोळ्याच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. त्यास्नी काय सापडंना. मोठ्या तपासण्या सांगितल्यात. मामीला न्हाय सांगितलं."

मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. मला तेव्हाच, त्या क्षणी कळलं होतं. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणाले, "तुम्ही घाई करू नका. मी संध्याकाळी येऊन बघते."

दुपारी जाऊन मी नवं कार्ड आणलं. संध्याकाळी त्यांच्या खोलीत पडदे ओढून जुन्याच कार्डावर गेम सुरू ठेवला आणि त्यांना शेजारी बसवलं. तासाभराने स्क्रीन काळी झाली. मी म्हणाले, "मामा, माझ्याकडे बघा. मी दिसते का?"

कॅबिनेटमधल्या पंख्याच्या बारीकशा निळ्या उजेडात ते माझ्याकडे बघत राहिले. तोवर चित्र परत आलं.

"दिसतीस की," ते म्हणाले.

"तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. कार्ड खराब आहे. तापलं की असं करतं."

त्यांनी दोन्ही तळहातांनी तोंड पुसलं. मग विचारलं, "तुला कवा कळलं?"

"आत्ताच," मी म्हणाले.

मी नवं कार्ड बसवलं, जुनं पिशवीत टाकून घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना भंगारात दिलं.

त्यानंतर काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलं असेल. मामा भेटेल त्याला सांगत सुटले. दूधवाल्याला, वाण्याला, शेजारच्या तेलुगू आजींना, ज्यांना त्यातलं काही कळत नव्हतं. या पोरीनं माझे डोळे परत दिले. डॉक्टरला सापडलं नाही, ते हिनं तासाभरात शोधलं. माझ्या आईला त्यांनी हे इतक्या वेळा सांगितलं की आई माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागली. मी मान खाली घालायची. लोकांना तो विनय वाटायचा.

दोनदा मी खरं सांगायचं ठरवून त्यांच्याकडे गेले होते. एकदा पाहुणे होते. एकदा कोणीच नव्हतं. मामा स्टिअरिंगवर होते, त्यांनी मला मागच्या खाटेवर बसायला सांगितलं आणि स्टॉप येईपर्यंत थांब म्हणाले. मी तासभर त्यांच्या पाठीकडे बघत बसले, मग चहा पिऊन घरी आले. मोपेड भाच्याकडून त्यांनी परत मागितली नाही. दिलेली वस्तू कशी मागायची, म्हणाले.

गेल्या थंडीत मामा गेले. सकाळी आंघोळीचं पाणी काढताना खाली बसले, ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने मुलगी मामींना बार्शीला न्यायला आली. ती टेम्पो ठरवायला गेली, तेव्हा मी कॉम्प्युटर बांधून द्यायला गेले होते. वायरी गुंडाळत होते. मामी खाली बसून भांडी कागदात बांधत होत्या. म्हणाल्या, ह्यांचा लई जीव होता तुझ्यावर. मी हातातली वायर खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. खोड आधीपासून माहीत होती, हेही. "आत्ताच" खोटं होतं, हेही.

मामींचे हात चालूच होते. एक पातेलं बांधून झालं, दुसरं घेतलं.

"मला त्यांनी सांगितलं नव्हतं, पण मला दिसायचं," त्या म्हणाल्या. "त्या महिन्यात रोज सकाळी त्या खिडकीपाशी उभं राहायचे. एक डोळा झाकून समोरच्या दुकानाची पाटी वाचायचे. मग दुसरा झाकून. तोंडातल्या तोंडात, एकेक अक्षर. मला वाटायचं, जप करत्यात."

मुलगी आली, टेम्पो आला, सामान गेलं. रिकाम्या खोलीत मी त्या खिडकीपाशी गेले. समोर पाटी होती. कडक भाकरी, शेंगा चटणी मिळेल. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. मी एक डोळा झाकला आणि ती वाचू लागले.