पोराच्या नावाची मूठ

माझं पोरगं वाचलं म्हणून मी सगळ्या गल्लीत पेढे वाटले, तेव्हा ते पोरगं आफ्रिकेतल्या कुठल्याशा बंदरात, नांगर टाकलेल्या जहाजावर ढाराढूर झोपलेलं होतं. ते संकटात सापडलंच नव्हतं, तर वाचणार कशातून?

झालं असं, की मोबाइलवर एक इंग्रजी बातमी आली. समुद्रात मालवाहू जहाजावर हल्ला. आमचा मुलगा मालवाहू जहाजावरच खलाशी. मला त्या बातमीतले 'क्रू' आणि 'रेस्क्यूड' हे दोन शब्द कळले आणि तेवढ्या भांडवलावर मी पेढे घेऊन आलो. शेजारच्या नानांनी पेढा तोंडात टाकला, चष्मा लावला, माझाच मोबाइल वाचला आणि शांतपणे सांगितलं की बातमी मागच्या वर्षाची आहे, जहाजही दुसऱ्याच देशाचं आहे. तोंडातला पेढा मात्र त्यांनी परत केला नाही.

बायको म्हणाली, एवढ्या अकलेवर कारखान्याचं स्टोअर कसं सांभाळता? मग तिनंच ठरवलं. बातम्या वाचायच्याच असतील तर नीट शिकून वाचा, आणि जे शिकाल ते मलाही सांगा.

तर अशी माझी पन्नाशीतली शाळा सुरू झाली. सकाळी धुळ्याहून नरडाण्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये एक बातमी वाचायची, अडलेला शब्द मोबाइलवरच्या डिक्शनरीत बघायचा, आणि संध्याकाळी बायको भाकरी थापत असताना ओट्याजवळ उभं राहून तो तिला समजावायचा. मला व्यापार, क्रिकेट, हवामान यांतलं इंग्रजी आजही येत नाही. मी शिकलो ते सगळं युद्धाचं. 'सँक्शन्स' म्हणजे निर्बंध, 'रिटॅलिएशन' म्हणजे बदला, 'एस्कलेशन' म्हणजे भांडण चिघळणं. हॉटेलात इंग्रजीतून पाणी मागता येणार नाही, पण दोन देशांनी एकमेकांचे राजदूत हाकलले तर मी लगेच सांगू शकतो.

सुरुवातीला घरात गंमतच होती. साखरेचा रिपोर्ट आल्यावर माझा दुसरा चहा बंद झाला, त्याला बायको 'सँक्शन्स' म्हणू लागली. तिच्या दोन बहिणींचं लग्नातल्या मानपानावरून बिनसलं, तेव्हा फोन ठेवून मला म्हणाली, "एस्कलेशन हुई गयं." मी चुकून हसलो. त्याचं रिटॅलिएशन भाजीत निघालं.

पुढे मुलाचं जहाज बातम्यांतल्या त्याच समुद्राकडे वळलं, आणि हसणं कमी होत गेलं. मराठी चॅनेलवर सगळ्याला एकच शब्द, हल्ला, आणि मागे लाल जाळ. इंग्रजीत प्रत्येक तऱ्हेच्या वाटोळ्याला वेगळा शब्द आहे हे मला तेव्हा कळलं. जहाजाला लागलं तर एक, पळवून नेलं तर दुसरा. एकदा 'अड्रिफ्ट' आला. मी सांगितलं, माणसं उतरून गेली की जहाज एकटंच वाहत जातं, ते हे. तिनं विचारलं, मग चालवतं कोण? मी म्हणालो, कोणीच नाही. त्या दिवसापासून तिनं नियम केला. देवाजवळ दिवा लागल्यावर असले शब्द घरात काढायचे नाहीत. म्हणून बसमध्ये वाचलेला धडा मी दुसऱ्या दिवशी सकाळी, आंघोळीच्या आधीच तिच्याजवळ उरकू लागलो.

मुलगा फोनवर म्हणायचा, बाबा, कंपनी सांगते धोका कमी आहे. त्याच्या 'कमी'वर आम्ही झोपत होतो.

श्रावण लागला. आमच्याकडे कानबाई, म्हणजे आमची खानदेशातली देवी, बसते ती मोठ्या भावाच्या घरी, भडगावजवळच्या गावात. तिच्या रोटांचे, म्हणजे प्रसादाच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजून घ्यायला दोघं जाणार होतो. निघायच्या दिवशी सकाळी बसऐवजी घरीच बातमी उघडली, आणि या वेळी जहाजाचं नाव आधी वाचलं. नाव आमचंच होतं.

इंजिनाच्या बाजूला काहीतरी येऊन आदळलं होतं. आग लागली, खलाशांनी जहाज सोडलं, जवळच्या दुसऱ्या जहाजानं त्यांना उचललं. आणि शेवटी एक ओळ. 'वन अनअकाउंटेड फॉर.' त्या हिशेब न लागलेल्या एकाचं नाव नव्हतं. मुंबईच्या ऑफिसात फोन लावला तर तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली, कन्फर्मेशनची वाट बघतोय, तुम्हीही बघा. मुलाचा फोन लागत नव्हता.

मला वाटलं, गावाला जाणं रद्द करावं. बायकोनं पिशवी उचलली आणि दाराबाहेर जाऊन उभी राहिली.

कानबाईच्या रोटांना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे असतात. तेच दळायचे, त्याचाच प्रसाद, आणि तो फक्त घरच्यांनीच खायचा. भाऊ दरवर्षी ओसरीत बसून नावं घेतो, वहिनी सुपात मुठी टाकते. आणि घरात सुतक आलं तर कानबाई बसतच नाही.

भावाला मी बसस्टँडवरूनच फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यानं आमच्याकडे न बघता नावं घ्यायला सुरुवात केली. स्वतःचं घेतलं, त्याच्या दोन्ही मुलांची घेतली, माझं घेतलं. मग थांबला. वहिनीची मूठ गव्हाच्या डब्यातच राहिली. भाऊ हळूच म्हणाला, फोन येईस्तोवर थांबायचं का? मोजले आणि नंतर काही कळलं, तर ते गहू तसेच पडतील. बरं नाही ते.

भाऊ वाईट माणूस नाही. घराची रीत त्याच्या खांद्यावर आहे. मला तेव्हा माझी विद्या आठवली. मी त्याला समजावू लागलो की इंग्रजीत मेलेल्याला वेगळा शब्द आहे, जखमीला वेगळा, आणि हा तिसराच आहे. याचा अर्थ फक्त एवढाच की माणूस अजून मोजणीत आलेला नाही. शिवाय तो एक म्हणजे आपलाच, असंही कुठे लिहिलेलं नाही. बसमध्ये कमावलेलं सगळं इंग्रजी मी त्या ओसरीत ओतलं.

भावानं ऐकून घेतलं. "तुले समजस रे. कानबाईले कोन सांगी?"

बायको उठली, वहिनीच्या हाताजवळचा डबा स्वतःकडे ओढला, मूठ भरून सुपात टाकली, वर पाव मूठ टाकली आणि डबा परत सरकवला. त्या वेळी तिनं मुलाचं नाव घेतलं. भावानं पुढचं, पुतण्याच्या पोराचं नाव घेतलं.

गहू दळून आले त्या दुपारी मुलाचा फोन आला. उचलून घेणाऱ्या जहाजावरून, कोणाच्या तरी मोबाइलवरून. आवाज बसला होता, घशात धूर गेला होता म्हणाला. तो डेकवर होता म्हणून निभावलं. इंजिन रूममधला एक जण वर आलाच नाही. त्याच्याच खोलीतला, त्याच्याच वयाचा. "बाबा, तो मला उठवून खाली ड्युटीला गेला होता," एवढं बोलून तो रडायला लागला आणि फोन तुटला.

वहिनीनं बायकोला मिठीत घेतलं. भाऊ मागच्या अंगणात निघून गेला, बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आला. कानबाई बसली. रोट झाले, आम्ही खाल्ले. मी दोन वेळा वाढून घेतलं, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला परतताना एस.टी.त मी पुन्हा तीच बातमी उघडली. शेवटची ओळ बदलली होती. 'अनअकाउंटेड फॉर'च्या जागी आता 'फेटॅलिटी', म्हणजे मृत्यू, होतं. शब्द मला पाठ होता, डिक्शनरी लागली नाही. खिडकीशी बसलेल्या बायकोला मी सांगितलं, आणि माझ्या आवाजात हायसं वाटल्याचं मलाच ऐकू आलं. "बाकी बठ्ठा सुखरूप शेतस. फेटॅलिटी एकच."

ती बाहेर बघतच म्हणाली, "त्या पोऱ्याना बापले इंग्रजी येस का?"