बारा हातांवरचा उंचवटा

नृसिंहवाडीच्या खालच्या अंगाला कृष्णेत वाळूचं एक बेट आहे. कुतुबुद्दीनचाचांचं कॅलेंडर तिथंच. थंडीत नारिंगी बदकं उतरली की गोधड्या काढायच्या. काठावरचा पळस फुलला की बदकं निघाली समजायचं. मग पिवळ्या चोचीचे सुरय पक्षी येतात आणि उघड्या वाळूत खड्डा करून अंडी घालतात. चाळीस वर्षं नाव मारून चाचांना हे सगळं पाठ झालंय, आणि आता त्या पाठांतराचाही शीण येतो.

यंदा बाकीच्या सुरयांची पिल्लं पळायला लागली, तेव्हा एक जोडी उशिरा उगवली. तिनं तीन अंडी घातली, तीही नेमकी पाण्याच्या कडेला.

रविवारी सकाळी काठावरच्या आपल्या पंपापासून शेतकरी हंबीररावांनी हाळी दिली, "चाचा, धरणातनं पानी सोडलंया! गुरुवारी हितं येतंय!"

"मग बुडली की ती."

"टोपीत घाला आन् ठेवा वर. हाय काय आन् न्हाय काय!"

चाचांनी टोपी डोक्यावर घट्ट बसवली. दोन वर्षांमागं त्यांनी हेच केलं होतं. अंडी वर उंचवट्यावर सुखरूप, आणि मादी दिवसभर खाली रिकाम्या खड्ड्यावर बसून.

उंचवटा अंड्यांपासून बारा हातांवर. एका खेपेला अंडी एकच हात वर, नव्या खड्ड्यात सरकवायची, मादी येऊन बसेपर्यंत नावेत थांबायचं. दिवसाला तीन खेपा, चार दिवस. पहिल्याच संध्याकाळी उजवा खांदा ठणकायला लागला.

"जयसिंगपूरच्या लेकीकडं वर्सातनं दोनदा जात न्हाय तुम्ही," तेल चोळता चोळता त्यांच्या बायको सुलतानबी म्हणाल्या, "आन् पाखराकडं दिसातनं तीनदा!"

"लेकीला पवाय येतंय. अंड्यास्नी न्हाय."

"आन् वय? अडुसष्ट झाली की."

"मोजू नगंस. आदीच दमलोय."

गुरुवारचं पाणी बुधवारी दुपारीच आलं. खड्ड्याची कड भिजली होती आणि दोन हात अजून बाकी होते. चाचांनी अंडी एकदम दोन हात वर सरकवली. मादी त्यांच्या डोक्यावर किंचाळत फिरली आणि उतरली ती जुन्याच खड्ड्यावर.

चाचा नावेत टेकले. "आगं, वर बघ की," ते पुटपुटले. "तेवढं तरी कर. माझ्यात आता जीव न्हाय."

पाणी खड्ड्यात शिरलं. मादी उठली. पाय झटकले. दोनदा वळून तिथंच आली. मग तुरुतुरु वर चालत गेली, अंड्यांपाशी थांबली, आणि पोट हलवत हलवत बसली.

चाचांनी वल्हं उचलायला हात घातला. हात उठेचना. हंबीररावांनी काठावरून दोर फेकला, तो त्यांनी कसाबसा नावेला अडकवला.

काठावर सुलतानबी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "अंडी न्हेलीसा वर. आता तुमास्नी कोण न्हेणार?"

"वडा," चाचा नावेत आडवे होत म्हणाले. "पर एकदम नगं. एकेक हात."