ओवणीचा दर

शेवंताक्कांकडे मी पहिल्यांदा गेले आणि भांडून परत आले. लग्न होऊन साताऱ्याहून माधवनगरला येऊन मला महिनासुद्धा झाला नव्हता. नवरा गिरणीत कारकून, दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आणि मला हौस भारी. शेजारच्या बाई भरतकाम करून देतात असं कळलं, म्हणून उशीचा एक अभ्रा त्यांच्याकडे टाकला. तयार झाल्यावर त्यांनी दर सांगितला, बारा आणे. मी आयुष्यात घासाघीस न करता कोथिंबिरीची जुडीसुद्धा घेतलेली नव्हती. म्हटलं, "दहा आणे देईन." बाईंनी अभ्रा मांडीवर ओढला, कात्री उचलली आणि कोपऱ्यातलं चांगलं टपोरं जास्वंद माझ्या डोळ्यांदेखत उसवून टाकलं.

"घ्या," म्हणाल्या, "ह्यो धा आन्याचा."

मी रागानं लाल झाले. "अहो, ही काय पद्धत झाली?"

"पद्धत तुमीच काडली, कारकुनीणबाई. दोन आनं कमी म्हंजी आट ओवण्या कमी. जास्वंद आट ओवण्यांचं व्हतं."

ती ओवणी म्हणजे काय, हे मला पुढं कळलं. हातभर दोरा सुईत ओवायचा आणि शेजारच्या वाटीत एक चिंचोका टाकायचा. दोरा संपला की पुन्हा ओवायचा, पुन्हा चिंचोका. रेशीम गिऱ्हाइकानं आणायचं. काम झालं की चिंचोके मोजायचे, एका ओवणीला एक पैसा, म्हणजे आण्याला चार ओवण्या. कुणी कमी करा म्हटलं की आक्का ती वाटी पुढं सरकवायच्या. "दर माजा न्हाई, चिंचोक्याचा हाय. त्येच्याशी बोला." आता चिंचोक्याशी काय बोलणार, कपाळ!

त्या अभ्र्यावरून मी पंधरा दिवस त्यांच्याशी अबोला धरला. शेवटी त्यांनीच भिंतीवरून हाक मारून गरम थालीपीठ दिलं आणि मी निर्लज्जासारखं खाल्लं. मग रोजच दुपारी त्यांच्या उंबऱ्यात जाऊन बसायला लागले. बाई काटकुळ्या, काळ्यासावळ्या आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. नवरा पलटणीत. लढाई सुरू झाली तसा ब्रह्मदेशाकडे गेला आणि दोन वर्षं त्याचं एकही पत्र नव्हतं. सासर खंडाळ्याचं. तिथून थोरले दीर अधूनमधून यायचे आणि दारातच उभे राहून बजावायचे, "पाखरं भरून प्वाट भरतंय व्हय? या लगीनसराईपातुर बगतो. मग गाडी घिऊन येतो, बोचकं बांदून ठेव."

"जायचं का नाही मग?" मी एकदा विचारलं.

"तितं गेले की पयलं माजं कपाळ पुसत्याल," आक्का सुईवरची नजर न काढता म्हणाल्या, "मग जलमभर शेन काडाय लावत्याल. मला हितं ऱ्हायाचं हाय. ही खोली, ही सुई आनि मी. दर सोडला की खोली गेली, येवडं कळतंय मला."

त्याच लगीनसराईत पलूसच्या एका बागाईतदाराकडून मुलीच्या रुखवताचं मोठं काम आलं. तोरण, चादर, उशा, सगळ्यांवर मोर आणि मधल्या उशीवर नवरानवरीचं नाव. घरच्या वैनीसाहेबांना ओवणीचा दर आधीच सांगितला होता, त्यांनी मानही हलवली होती. एकवीस रुपयांचं काम झालं. चिंचोक्यांची पिशवी सांभाळत आक्का निघाल्या आणि उशा उचलायला म्हणून मी बरोबर गेले.

मांडवात रुखवत मांडलं. वैनीसाहेब वरमाईला हाताला धरून दाखवत होत्या, "सगळं आमच्या पोरीच्या हातचं हाय बरं का!" रुखवत नवरीच्या हातचं असतं, ते तसंच म्हणायचं असतं. आक्का तोरणाची सुरकुती सारखी करत राहिल्या. मग वैनीसाहेबांनी आम्हाला माजघरात नेलं, आक्कांच्या हातावर अकरा रुपये ठेवले आणि खण, नारळ, तांदूळ घेऊन त्यांची ओटी भरली. ओटी काही परत करता येत नाही. आक्कांनी ती पदरात घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "आता ऱ्हायलेलं धा रुपयं."

"अगं, घरबसल्या तर करतीस! आनि नवऱ्याचा पत्ता न्हाई तुज्या. तरी सवाष्ण मानून ओटी भरली की. आजून काय पायजे?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आक्कांनी मात्र ओटीची गाठ आवळली.

"बसून न्हाई, वैनीसायेब, वाकून करते. आनि माजं कुंकू माजं हाय. त्ये मजुरीत धरू नगा."

एवढं बोलून बाई तरातरा मांडवात गेल्या. रुखवतापुढं फतकल मारून बसल्या, नावाची उशी मांडीवर घेतली, कनवटीची कात्री काढली आणि टोक बरोबर जावयाच्या नावाच्या पहिल्या अक्षराखाली घातलं. वरमाई ओरडली, "आगं आगं, ह्ये काय करतीस?"

"धा रुपयाचा टाका ऱ्हायलाय जी," आक्का वैनीसाहेबांकडं बघत म्हणाल्या. "त्यास्नी ठावं हाय."

वैनीसाहेब शालू सावरत अशा धावल्या म्हणता! "सैल पडला आसंल बाई टाका," असं म्हणत त्यांनी उशीखालून नोट सरकवली. आक्कांनी कात्री मिटली, उशी जागच्या जागी नीट ठेवली आणि नवरीच्या गालावरून हात फिरवून बाहेर आल्या. परतीच्या वाटेवर मी हसून हसून रडले. त्या नुसत्या पदरातले तांदूळ चाचपत होत्या.

त्या एकवीस रुपयांनी दिरांची गाडी तेवढी लांबली. मग लढाई संपली आणि पलटणीचं पत्र आलं. दुसऱ्या कुणी पुसायच्या आत आक्कांनी स्वतःच कुंकू पुसलं. महिन्याभरात थोरले दीर गाडी घेऊन दारात हजर. आळीतल्या बायकाही जमल्या. कुणी म्हणालं, आता रुखवताला हात कोण लावू देणार? कुणी म्हणालं, दर उतरव बाई, तरच चार कामं येतील.

आक्का उंबऱ्यात उभ्या राहिल्या. ते कोरं कपाळ बघवत नव्हतं मला. "आजपास्नं ओवणीला दीड पैसा," त्या म्हणाल्या.

"कोन द्येनार दीड पैसा?" दीर हसले. "चल, गाडीत बस."

मला काय झालं कोण जाणे. धावत घरी गेले, उशीवरचा अभ्रा ओरबाडून काढला, उरलेलं लाल रेशीम आणि तीन आणे घेतले आणि सगळ्यांदेखत तो आक्कांपुढं धरला. कोपऱ्यात सुईची भोकं अजून दिसत होती. "माझं जास्वंद राहिलंय," मी म्हटलं. "आठ ओवण्या. दीड पैशानं तीन आणे."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. खाली बसल्या, लाल दोरा तोडला. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा सुईत गेला आणि त्यांचे डोळे असे भरून आले की हात तसाच थांबला. दीर गाडीला टेकून बघत होते.

"आक्का," मी म्हटलं, "ओवणी झाली. चिंचोका राहिला."

आणि मीच तो उचलून वाटीत टाकला.