डॉक्टर त्या दिवशी बेळगावात होते

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर वाचले आणि चहाबरोबरच विसरलो. बायकोला म्हणायचो, "लोकांना काय उद्योग नाहीत बघ!" मी आयुष्यभर कचेरीत काम केलेला माणूस. आधी दरबारचा कारकून, आणि कोल्हापूर संस्थान विलीन झाल्यावर त्याच खुर्चीवर, त्याच टेबलाशी मुंबई सरकारचा कारकून. करणी, अंगात येणं, असल्या गप्पा निघाल्या की मी चप्पल घालून बाहेर पडायचो. तरी आज हे लिहायला बसलोय... कारण हे मला कुणी सांगितलेलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलंय. तेही दिवसाढवळ्या, लक्ष्मीपुरीतल्या माणसांनी भरलेल्या दवाखान्यात.

माझी थोरली बहीण, अक्का, मुरगूडला दिलेली. दाजींची तिथं पिठाची गिरणी होती. दाजी इंजिन बघायचे आणि अक्का दळणं घ्यायची. दिवसभर त्या इंजिनाच्या धडधडीत बोलून तिचा आवाज असा चढला होता की घरात मीठ मागितलं तरी शेजारी दचकायचे. मूलबाळ नव्हतं. आई लवकर गेल्यामुळं मला तिनंच वाढवलं, शिकायला कोल्हापुरात ठेवलं. माझं लग्नही तिनंच ठरवलं.

विलीनीकरणानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात ती माझ्याकडं आली, ती ओळखूच येईना. गालफडं बसलेली. उजव्या कुशीत बरगडीखाली दुखायचं, जेवण जात नव्हतं, संध्याकाळी कणकण. गावच्या वैद्याचं झालं होतं. माझी बायको सुमन म्हणाली, "वन्सं, आता बरं वाटल्याशिवाय गावाकडं जायचं नाही."

आम्ही शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहायचो. लक्ष्मीपुरीतल्या एका डॉक्टरांचं तेव्हा मोठं नाव होतं. ते मी इथं लिहीत नाही, त्यांची मुलं-नातवंडं आहेत. तिथं गेलो. बाहेर बाकं, भिंतीकडेला बसलेली खेड्यापाड्यातली माणसं, आणि एका जाळीमागं कंपाउंडर मुकुंदराव. मुकुंदरावांनी नाडी बघितली, जीभ बघितली, "पित्त आहे" म्हणाले, आणि आम्ही नेलेल्या बाटलीत पांढरं औषध भरून दिलं. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवली. आणि पैसे घेतले ते औषधाचे वेगळे, डॉक्टरांच्या तपासणीचे वेगळे.

अक्का म्हणाली, "अवो, पण डॉक्टर कुठं हाय?"

"येतील की. पुढच्या खेपेला भेटतील."

पुढच्या खेपेला डॉक्टर व्हिजिटला गेले होते. त्याच्या पुढच्या खेपेला आले, पण मोटारीतून आलेल्या कुणा बड्या माणसाबरोबर आतल्या खोलीत गेले आणि तसेच त्यांच्याबरोबर निघून गेले. मग पांढऱ्या औषधाचं गुलाबी औषध झालं. मग मुकुंदराव सुया टोचायला लागले. दर वेळी तपासणीचे पैसे घेतले जात होते, आणि तपासणी तेवढी होत नव्हती. मी एकदा भांडलो. मुकुंदराव वाईट माणूस नव्हता. चष्मा पुसत हळूच म्हणाला, "साहेब, मला जेवढं सांगितलंय तेवढं मी करतो. मी तरी काय करू?"

अक्का मात्र सगळ्यांदेखत बोलायची. आमच्या कोल्हापूरकडच्या बायका बोलताना "मी गेलो, मी आलो" असंच म्हणतात, तशी ती.

"मी डॉक्टरला दाखवायला आलोय. ह्यो मला बाटली भरून देतोय! बाटली तर मी बी भरतो की घरात!"

बाकावरची माणसं हसायची. तीही हसायची. पण घरी आल्यावर भिंतीकडं तोंड करून पडायची. हळूहळू डोळे पिवळे व्हायला लागले. दाजींनी गिरणी गहाण टाकायची भाषा काढली, तेव्हा तिनं माझ्याकडून पत्र लिहून घेतलं, 'गिरणीला हात लावलासा तर मी परत येणार न्हाय.'

आता त्या दिवसाचं सांगतो. सकाळचे अकरा वाजून गेले होते. रजा काढून मी तिला घेऊन गेलो होतो. बाकावर आमच्या शेजारी शाहूवाडीकडचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, घोंगडी मांडीवर घेऊन. मुकुंदराव सुया उकळायला मागं गेले होते. एवढ्यात आतल्या खोलीचं दार आतून थोडं उघडलं. त्या दाराला वर धुरकट काच होती. आतून आवाज आला... साधा, शांत, पुरुषाचा.

"मुरगूडच्या बाई, या आत."

अक्कानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "जा जा, बोलावलंय." ती पदर सावरत उठली आणि आत गेली. दार लागलं.

खरं सांगतो, त्या वेळी मला फक्त आनंद झाला. सुटलो, असं वाटलं. आतलं बोलणं पुसटसं ऐकू येत होतं. तो आवाज काहीतरी विचारायचा आणि अक्का सांगायची. ती एवढ्या हळू बोलू शकते हे मला माहीत नव्हतं. मग बोटांनी ठोकून बघितल्याचा आवाज... टक, टक. "श्वास घ्या. धरा. सोडा." पुन्हा टक, टक. बराच वेळ चाललं होतं. म्हातारे मला म्हणाले, "पावणं, डॉक्टर लई निवांत बघाय लागलाय की!"

अक्का बाहेर आली. चेहरा कसा होता म्हणाल तर, खूप दिवसांनी पोटभर झोप झालेल्या माणसासारखा. सरळ जाळीपाशी गेली. मुकुंदराव तेवढ्यात मागून आले होते. तिनं तपासणीचे पैसे त्यांच्यापुढं ठेवले.

"घ्या. आज तपासलंय, आज मी खुशीनं देतो."

"कुणी तपासलं?"

"डॉक्टरनं. आणि कुणी?"

मुकुंदराव माझ्याकडं बघायला लागले. म्हणाले, "डॉक्टर पहाटेच बेळगावला गेलेत. उद्या येणार. खोलीला तर कुलूप आहे, अहो!"

मी मागं वळून बघितलं. दाराच्या कडीत कुलूप होतं. पितळी, मुठीएवढं. किल्ली मुकुंदरावांच्या कमरेला.

मी म्हणालो, "आत्ता माझ्यासमोर ही आतून आली." म्हाताऱ्यांनीही सांगितलं, "व्हय की, बाई आत गेलती. मी बघितलं." मुकुंदरावांनी कुलूप काढलं. आत खिडक्या बंद, कोंदट वास. तपासायच्या टेबलावर मेणकापड, त्यावर धुळीचा थर, आणि त्याच्यावर खुर्ची उलटी घालून ठेवलेली. दुसरं दार नव्हतं. मुकुंदरावांनी पैसे उचलून अक्काच्या हातात परत दिले. म्हणाले, "आजचे नकोत." इतक्या दिवसांत तेवढ्या एका दिवशी त्या दवाखान्यानं आमच्याकडून काही घेतलं नाही.

टांग्यात मी तिला विचारलं, "दिसायला कसे होते?"

"डॉक्टरासारखा डॉक्टर. काय सांगू तुला? चेहरा न्हाय बाळू माझ्या ध्यानात. पण सगळं ऐकून घेतलं बघ. पयल्या दिवसापास्नं. मधी एकदा बी तोडलं न्हाय मला."

"म्हणाले काय?"

"काळजात गाठ हाय म्हणाला. बाटल्या घेऊ नका आता, घरला जावा म्हणाला. सुगी काय मला बघायला मिळायची न्हाय."

आमच्याकडं जुनी माणसं लिव्हरला काळीज म्हणतात. हे ती, भाजी काय आणायची ते सांगावं, तसं सांगत होती. घरी गेल्यावर सुमननं तिला कपडे बदलायला मदत केली आणि मला हाक मारली. अक्काच्या उजव्या बरगडीखाली पोटावर एक वाकडी रेघ होती. जांभळी. ओली केली की शाईसारखी उमटणारी पेन्सिल असते ना, तसल्या पेन्सिलीची. "ठोकत ठोकत त्यानंच वढली," अक्का म्हणाली. सुमननं शिकेकाईनं घासून बघितली. फिकी झाली, गेली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी डॉक्टरांच्या बंगल्यावर गेलो. डॉक्टर सभ्यपणे बोलले. बेळगावला नातेवाइकांकडं लग्न होतं, तिथं सगळे होते, विचारा हवं तर, म्हणाले. आणि मग, "उद्या दहा वाजता घेऊन या. मी स्वतः बघतो." मी अक्काचे पाय धरायचे बाकी ठेवले तेव्हा ती यायला तयार झाली. दहाला जाऊन बसलो. एक वाजता मुकुंदराव जाळीतून म्हणाले, "डॉक्टरांना महत्त्वाचा कॉल आलाय... बाटली आणलीय का?"

अक्का तिथंच खो खो हसत सुटली. हसता हसता कूस धरून बसली.

मी हट्टाला पेटलो होतो. कुलूपबंद खोलीतल्या कुणाचं तरी ऐकून बहिणीला मरायला घरी पाठवायचं? ती म्हणत होती, "मला बघितलंय बाळू. झालं आता." मी ऐकलं नाही. सुमनच्या पाटल्या मोडल्या आणि आगगाडीनं मिरजेला, मोठ्या हॉस्पिटलात नेलं. जयसिंगपूर गेल्यापासून ती डोळे मिटून होती. तिथंही आधी नर्स, मग शिकाऊ मुलं, मग पुन्हा नर्स. दर वेळी नवीन माणसाला पहिल्यापासून सांगायचं. तिनं सांगणंच बंद केलं. "ह्याला इचारा," म्हणून माझ्याकडं बोट दाखवायची.

शेवटी मोठे सर्जन आले. त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला, दुसऱ्या हाताच्या बोटानं ठोकत ठोकत खाली सरकले... आणि थांबले. वाकून बघितलं. त्यांचं बोट त्या फिक्या जांभळ्या रेघेवर होतं. पुन्हा डाव्या बाजूनं ठोकत आले. पुन्हा तिथंच थांबले.

"ही खूण कुणी केली?"

मी अक्काकडं बघितलं. काय सांगणार?

"ज्यानं केली त्याला कळत होतं," ते म्हणाले. "लिव्हर इथपर्यंत वाढलंय. गाठी हाताला लागताहेत. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही काही?"

"घरी जायला सांगितलं."

सर्जन हात धुवायला गेले. परत येऊन मला बाहेर व्हरांड्यात घेऊन म्हणाले, "मीही तेच सांगेन. उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणलं असतं तर काही प्रयत्न करता आला असता कदाचित. तेव्हा कुणी हात लावून बघितलं नाही का?"

उन्हाळ्याच्या सुरुवातीला आम्ही लक्ष्मीपुरीत बाकावर बसलो होतो.

मी तिला मुरगूडला पोचवलं. त्यानंतर दर शनिवारी कचेरी सुटली की मोटार धरून जायचो. पाऊस येऊन गेला. गिरणी चालू होती, दाजींनी तिचा पलंग गिरणीच्या पडवीत आणून ठेवला होता, कारण इंजिन बंद असलं की तिला करमायचं नाही. आवाज पार खाली गेला होता. मी कान तिच्या तोंडाशी नेऊन ऐकायचो.

एका दुपारी म्हणाली, "तुला एक सांगायचं ऱ्हायलं. मी त्येला इचारलं हुतं."

"कुणाला?"

"त्या डॉक्टरला. निघताना म्हटलं, डॉक्टर, एवढं दिस कुठं हुतासा?"

"मग? काय म्हणाले?"

"काय न्हाय. खाली मान घातली. लई वेळ तसाच उभा. मग मलाच कसंतरी झालं. म्हटलं, ऱ्हाऊ द्या... आलासा न्हवं."

मी तोंड फिरवून रस्त्याकडं बघत बसलो. दळणाला आलेल्या बायका डबे घेऊन उभ्या होत्या, त्यांतल्या दोघी तिच्याकडं बघून डोळ्याला पदर लावत होत्या.

दसरा झाला आणि अक्का गेली. शिवारात भात कापणीला आलं होतं.

यावर मी पुष्कळ विचार केलाय. तो डॉक्टरांचा आत्मा म्हणावा तर डॉक्टर पुढं कितीतरी वर्षं धडधाकट होते. त्या जागी आधी कुणी डॉक्टर वारला होता का, याचीही चौकशी केली. तिथं पूर्वी तेलाचं दुकान होतं. तिच्या मनाचे खेळ म्हणावेत तर तो आवाज मी ऐकला, त्या म्हाताऱ्यांनी ऐकला, आणि ती रेघ मिरजेच्या सर्जननी पाहिली. आणि जो कुणी होता, त्याला जर एवढं कळत होतं, कुलूप असून येता येत होतं, तर तो उन्हाळ्याच्या सुरुवातीला का आला नाही? भीती मला कधीच वाटली नाही. राग मात्र अजून येतो... आणि तो नक्की कुणावर काढायचा, तेही कळत नाही.

मुरगूडला दिवसकार्याला आलेला प्रत्येक जण माझ्याजवळ बसून तेच विचारत होता, "कोल्हापुरात नेलतं म्हणं. कुठल्या डॉक्टरनं बघितलं हुतं?"

मी पाण्याचा तांब्या पुढं करायचो.