दोन राण्या आणि माझ्याकडे राहिलेला निरोप

मी सातवीतून शाळा सोडलेली. अमेरिकेत एडिसनला आले तेव्हा साधा फॉर्मही दुसऱ्याकडून भरून घ्यायचे. डॉक्टरकीतून निवृत्त झालेल्या काकूंनी मला स्वयंपाकाला ठेवलं, इंग्रजीत सही करायला शिकवलं. त्यांचे उपकार सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही.

काकूंची नजर अधू झाली तशी दर बुधवारी कॉलेजातली एक मुलगी यायला लागली. इथेच जन्मलेली, पण आपल्यातलीच. ती त्यांना जपानच्या जुन्या राजवाड्यातली एक कादंबरी इंग्रजीतून वाचून दाखवायची. ती गेली की काकू मला मराठीत गोष्ट सांगायच्या. दोन राण्या, नवरा एक. समोरासमोर कधी यायच्याच नाहीत, पत्रं दासी न्यायच्या. भांडण कशावरून? तर अक्षर कुणाचं सुरेख, कागदाचा रंग कुणाला साधला.

"शिवी नाही, मारामारी नाही," काकू म्हणायच्या, "पण एकीने उत्तराला उशीर केला की दुसरी अंथरूण धरते बघ!"

मी हसायचे. पण बुधवारी खोलीचं दार लोटलं जायचं, आतून दोघींचं हसणं यायचं आणि माझी पोळी करपायची.

एका बुधवारी मुलीचा फोन आला. "मावशी, काकूंना सांगाल प्लीज? क्लास लेट संपेल, मी पाचला येते."

"सांगते हो," म्हटलं. आणि सांगितलं नाही.

काकू तीनपासून वाट बघत बसल्या. "कळवायचं तरी!" मी कणीक मळत राहिले. पाचला ती आली तर दारातच म्हणाल्या, "राहू दे. यापुढे येऊ नकोस." मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि ती आल्या पावली परत गेली.

पुढच्या बुधवारी काकूंनी पुस्तक माझ्यापुढे धरलं. "अगं, धाकट्या राणीचं पुढे काय झालं? दोन ओळी लागतात का बघ."

अक्षरं ओळखीची होती, शब्द एकही कळेना. काकूंचं पुस्तक मीच बंद पाडलं होतं.

"काकू, तिचा फोन आला होता. मीच सांगितलं नाही."

त्यांनी पुस्तक माझ्यापुढून घेऊन मिटलं. "का गं?"

"मला असं वाचता येत नाही म्हणून."

त्यांनी फोन पुढे सरकवला. "तूच सांग तिला."

सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं, मावशी. पण मी बोलले असते तर तुमचा जॉब गेला असता ना. इट्स ओके."

ती पुन्हा आली तेव्हा दार मीच उघडलं, आणि तिच्या बुटांकडेच बघत राहिले.